नेमात सापडलेलं इंजिन

माझा एक नेम आहे. तो इतका साधा आहे की सांगून झाल्यावर लोक, अजून काहीतरी पुढे असेल, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. रोज सकाळी देवापुढे दिवा लावायचा, एक मोडकी वस्तू हाताशी घ्यायची, 'ही दुरुस्त केल्याशिवाय अन्न घेणार नाही' असं मनात म्हणायचं, आणि मग ती दुरुस्त करूनच जेवायचं. झालं. शर्टाचं बटण, छत्रीची काडी, झाकणाची मूठ, किंवा ज्याच्यावर बसून ह्यांनी तासभर पेपर वाचला तो ह्यांचाच चष्मा. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. चहा आणि पाणी अन्नात धरायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी देवाला सांगून ठेवलं होतं. अशा गोष्टी आधी बोलून घेतलेल्या बऱ्या.

नेमात एकच अडचण आहे. रोज एक वस्तू दुरुस्त करत गेलं की घरात मोडकं काही उरत नाही. तिसऱ्या वर्षापासूनच आमच्याकडे टंचाई सुरू झाली. हे प्रेमानं विचारायचे, "एखादा कप फोडून देऊ का?" पण मुद्दाम मोडलेली वस्तू नेमाला चालत नाही. मग मी शेजारीपाजारी शब्द टाकून ठेवला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी इस्त्रीची वायर, पर्सची चेन, कुकरची मूठ असं आळीपाळीनं पाठवतात. ही बाई किती परोपकारी, असं लोकांना वाटतं. खरी गोष्ट अशी, की माझं त्या दिवशीचं जेवण त्यांच्या मोडतोडीवर अवलंबून असतं.

तर त्या दिवशी समोरच्या बागेतल्या माळीदादांची पाळी होती. दाताळ्याचा दांडा निघालाय, उद्या सकाळी दाराशी ठेवून जातो, असं ते आदल्या दिवशी म्हणाले होते. सकाळी दार उघडलं तर पोतं होतं. उचलायला गेले, तर उठेना. दाताळ्याला माती लागलेली असेल, ओली असेल, असं मला वाटलं. श्रद्धाळू माणसाला असली स्पष्टीकरणं पटकन सुचतात. मी पोतं ओढत ओढत देवापुढे नेलं, वर हात ठेवला, डोळे मिटले, आणि ही वस्तू दुरुस्त केल्याशिवाय अन्न घेणार नाही असं रोजच्यासारखं म्हटलं. मग डोळे उघडून पोत्याचं तोंड सोडलं.

आत इंजिन होतं. गवत कापायच्या यंत्राचं.

मी इंजिन इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. काळंकुट्ट, तेलानं माखलेलं, अंगावर पत्र्याच्या पातळ चकत्यांची रांग, एका बाजूला छोटी टाकी, आणि डोक्यावर गोल झाकणातून बाहेर आलेली दोरी. मी दोरीला हात लावला तर ती मळकी आणि कडक होती. देवापुढचा दिवा शांत जळत होता. त्याला काय.

बागेच्या फाटकाशी जाऊन मी माळीदादांना हळू आवाजात विचारलं. (माझा आवाज मुळातच हळू आहे. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला 'काय?' असंच म्हणतात.) दाताळं तर काय कुणीही करील, तुमच्या हाताला शोभेल असं काहीतरी द्यावं म्हटलं, असं माळीदादा म्हणाले. तीन वर्षं ते शेडमध्ये पडून होतं. तुम्ही नुसतं बघा, झालं तर झालं. त्यांच्या बोलण्यात 'नाही झालं तरी चालेल' याचा जोर जरा जास्त होता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पोत्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"परत घे," ते म्हणाले.

"म्हटलेलं परत कसं घ्यायचं?"

"मग मीपण जेवणार नाही. चौतीस वर्षांत तुझ्याआधी जेवलो नाही, आता एका इंजिनापायी जेवेन होय?"

हे इतक्या गांभीर्यानं म्हणाले की माझे डोळे भरून आले. ह्यांना नाश्ता आणि दुपारचं जेवण यांच्यामध्येसुद्धा काहीतरी लागतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच या वाक्याचं मोल कळेल. मी मनात ठरवलं, काही झालं तरी दुपारी बारापर्यंत हे इंजिन चालू करायचं. स्वतःसाठी नव्हे. ह्यांच्यासाठी.

अशा वेळी समोरचे काका आपोआप येतात. त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव असा' इथून सुरू होतं. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, खाली वाकले, वास घेतला, आणि कार्बोरेटर असं निदान केलं. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करणारा तो छोटा भाग. तो स्वच्छ केला की सुरू. मात्र माझा अनुभव असा, ते म्हणाले, की इंजिन घट्ट बसवल्याशिवाय हात लावायचा नाही. घट्ट म्हणजे कशाला? त्यांनी घरभर नजर फिरवली आणि ती आमच्या जेवणाच्या टेबलावर थांबली.

त्या टेबलाला चार भोकं पडताना मी दुसरीकडे बघत होते. हे मात्र बघत होते, कारण ड्रिल ह्यांच्याच हातात होतं. टेबल गॅलरीच्या दाराशी सरकवलं, दार सताड उघडलं, चार बोल्टांनी इंजिन बसवलं, आणि आमच्या जेवणाच्या जागी ते असं रुबाबात बसलं जणू त्यालाच वाढायचं आहे.

काकांनी कार्बोरेटर उघडला. त्यातून माती, एक मेलेला किडा आणि कसलासा पिवळा चिकट पदार्थ निघाला. ठिणगी पाडणारा प्लग काढून मी जुन्या टूथब्रशनं घासला. हे काम मला जमलं. माझे हात बारीक कामाला सरावलेले आहेत. एवढ्यात काकांना एका कोपऱ्यात एक बारीक वायर दिसली, तिचा त्यांना काही उपयोग वाटेना, तेव्हा त्यांनी ती कापून टाकली. असल्या उगाच वायरी कंपनीवाले खर्च वाढवायला घालतात, असं त्यांनी सांगितलं. मला पटलं. उपाशीपोटी मला सगळंच पटतं.

आता पेट्रोल हवं होतं. मी बाटली घेऊन पंपावर गेले. बाटलीत देत नाही, पंपावरच्या माणसानं सांगितलं. गाडीत देतो. मी घरी आले, इंजिनाची टाकीच सोडवून घेतली आणि ती पदराखाली धरून पुन्हा गेले. ही टाकी आहे, मी म्हटलं. गाडीची आहे का? गाडीचीच, पण गाडीला चाकं होती तेव्हा गवत कापायची. नंबर काय? नंबर नाही. मग तो माणूस त्याच्या साहेबांना बोलवून आला. साहेब भले होते. ते म्हणाले, यंत्र ज्यांच्या मालकीचं आहे त्यांचं पत्र आणा, यंत्राला पेट्रोल लागतं एवढंच लिहिलेलं चालेल, मी स्वतः भरून देतो.

मालक म्हणजे उद्यान विभाग. उद्यान विभागाचं ऑफिस दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीत कुणी नव्हतं आणि दुसऱ्या खोलीत एकच कारकून नोंदवह्यांच्या भिंतीमागे बसले होते. नोंदवह्या इतक्या उंच होत्या की ते बोलताना फक्त चष्म्याची वरची कड दिसत होती. त्यांनी माझं म्हणणं तीनदा ऐकून घेतलं, चौथ्यांदा मी ते कागदावर लिहून दिलं. मग त्यांनी एक वही काढली, बोट फिरवलं, आणि बोट मध्येच थांबलं.

"मॅडम, हे यंत्र नाहीये," ते म्हणाले.

माझ्या हातात त्याची टाकी होती. मी ती टेबलावर ठेवली. त्यांनी टाकीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि वहीवर विश्वास ठेवला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे यंत्र दोन वर्षांपूर्वी निरुपयोगी ठरवण्याचा प्रस्ताव मंजूर झालेला होता. फक्त एक दाखला राहिला होता. कुणा जाणकारानं यंत्र उघडून पाहून ते दुरुस्तीपलीकडे आहे असं लिहून द्यायचं, मग नवं यंत्र येणार. पण उघडून पाहणारा जाणकार दोन वर्षं मिळत नव्हता. तोपर्यंत यंत्र ना होतं, ना नव्हतं. नसलेल्या यंत्राला पेट्रोल लागतं असं पत्र ते कसं देणार? त्यांनी मला चहा मात्र दिला. चहा नेमात धरायचा नाही, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे मी घेतला.

पेट्रोल शेवटी काकांच्या स्कूटरमधून आलं. नळीनं तोंडानं ओढायचं असतं, माझा अनुभव आहे, असं ते म्हणाले, आणि पहिला घोट त्यांनीच घेतला. त्यानंतर अर्धा तास ते गॅलरीत उभे राहून गुळण्या करत होते आणि त्यांच्या बायकोला लांबूनच हातवारे करून सांगत होते की काही झालेलं नाही.

दुपारचे दोन वाजले होते. मी देवाचं नाव घेतलं, दोरीची मूठ धरली आणि ओढली. इंजिन एकदा खोकलं, आणि दोरीनं माझा हात हिसका देऊन परत ओढून घेतला. अगदी जसा एखादा माणूस बोलता बोलता आपल्या हातातला कागद हिसकावून घेतो तसा. मला आयुष्यात कुणी असं वागवलेलं नाही. दुसऱ्यांदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. तेच. माझं मनगट दुखावलं आणि मान त्याहून जास्त. काका म्हणाले, कार्बोरेटर. पुन्हा उघडला. पुन्हा बसवला. पुन्हा हिसका. हे म्हणाले, सुटे भाग बदलून बघू या, वरच्या वहिनींच्या यजमानांकडे मोठा पाना आहे, तो घेऊन येतो. पाना आणायला हे पाऊण तास वर होते. आले तेव्हा हातात पाना होता आणि चेहऱ्यावर एक शांत समाधान होतं. उपवासानं माणूस असा निवळतो, असं मला वाटलं, आणि माझा ह्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.

सुट्या भागांसाठी मी भंगारवाल्याकडे गेले. त्याच्याकडे तशी तीन इंजिनं होती. दोन आमच्याच जातीची, तिसरं कुठल्याशा पंपाचं. मला त्यातल्या एकाचा कार्बोरेटर हवा होता. तो म्हणाला, एक फोडून देत नाही, तिन्ही न्या आणि सकाळी त्या बदल्यात तुमच्या गच्चीवरची ती जुनी लोखंडी खाट द्या. खाट देण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे ह्यांना विचारायला मी घरी आले, तर हे पाना परत करायला वर गेले होते. तेव्हा मी स्वतःच्या जबाबदारीवर होकार दिला. अशा रीतीनं एक इंजिन दुरुस्त करायला निघालेल्या माझ्या घरात संध्याकाळपर्यंत चार बंद इंजिनं झाली. तीन जमिनीवर वर्तमानपत्रांवर आणि एक टेबलावर, मालकासारखं. घरात पेट्रोलचा, तेलाचा आणि उदबत्तीचा एकत्र वास येऊ लागला. उदबत्ती मी जास्त लावली होती, पण तिचा काही इलाज चालला नाही.

वरच्या वहिनी मात्र दिवसभरात चारदा डोकावून गेल्या. तुम्ही काहीतरी खा, नाहीतर चक्कर येईल, असं त्या मला म्हणायच्या आणि म्हणता म्हणता ह्यांच्याकडे बघायच्या. ह्यांची किती काळजी आहे त्यांना, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला तेव्हा मी मोठ्या पेचात होते. आजच्या नेमाची वस्तू घ्यायची तर कालची अजून बाकी. कालची बाकी असताना आजची घेणं म्हणजे एका पाहुण्याला दारात उभं ठेवून दुसऱ्याला आत घेणं. मी देवाला म्हटलं, कालचं आधी. मग चहा घेतला. हे म्हणाले, मलाही नुसता चहाच दे, आणि नंतर म्हणाले, जरा पाय मोकळे करून येतो. वरच्या जिन्यानं गेलेले पाय बरेच वेळ मोकळे होत होते.

नऊच्या सुमाराला दारात कारकून उभे होते. हातात फाइल, फाइलीत छापील दाखला. मागे माळीदादा. कालपासून कारकुनांना झोप लागली नव्हती म्हणे. दोन वर्षांत यंत्र उघडून पाहणारं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटलं होतं. "तुम्ही उघडलंय ना, मॅडम? मग तुम्हीच जाणकार. इथं फक्त सही करा. यंत्र दुरुस्तीपलीकडे आहे."

मी दाखला वाचला. माळीदादा पायांनी जमीन टोकरत उभे होते. मग तेही बोलले, तसलं नवं यंत्र यावं म्हणून गेली दोन वर्षं वाट बघतोय, ताई. तुमच्याकडे आणलं तेच मुळी त्यासाठी, की तुमच्यासारख्यांनाही नाही जमलं म्हणजे सगळ्यांना पटेल. हे ऐकून मला हसू आलं, पण पोटात काही नसल्यामुळे ते बाहेर पडलं नाही.

समोरचे काका लगेच म्हणाले, सही करून टाका. हे म्हणाले, "अगं, हा तर मार्गच आहे. सरकारनं लिहून दिलं की दुरुस्त होणारच नाही, तर नेमाला कुठे बाध येतो? जी वस्तू दुरुस्तच होत नाही ती दुरुस्त केल्याशिवाय जेवायचं नाही, असं देव तरी म्हणेल का?"

खरं सांगायचं तर युक्तिवाद बिनतोड होता. अकरा वर्षं टिकवलेला नेम सही करून सुटत होता. नेम मोडल्याचा ठपकाही नको, आणि सगळ्यांचं भलं. माळीदादांना यंत्र, कारकुनांना झोप, ह्यांना जेवण. माझ्या हातात पेन होतं. मी टेबलावरच्या त्या काळ्या ठोकळ्याकडे पाहिलं. त्यानं मला बारा वेळा हिसका दिला होता. मला त्याचा राग आला होता, आणि राग आलेला असताना एखाद्याविषयी लिहून देऊ नये, असं मला वाटलं.

"ते दुरुस्तीपलीकडे आहे की नाही, हे मला अजून माहीत नाही," मी म्हटलं. "बारापर्यंत थांबा. तोपर्यंत चहा घ्या."

खोलीत माझ्याशिवाय पाच माणसं होती आणि पाचही जणांचे चेहरे पडले. पाचव्या वहिनी होत्या. त्या नुकत्याच आल्या होत्या.

मग मी बसून विचार केला. खरा विचार मी तोवर केलाच नव्हता. आतापर्यंत मी फक्त काकांचा अनुभव ऐकत होते. इंजिन खोकतं, म्हणजे त्याला पेट्रोल मिळतं. ठिणगीही पडते. मग हात परत का ओढतं? जसं एखाद्याला प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच उत्तर द्यायची सवय असते, तसं. आत पिस्टन अजून वर यायचा असतो आणि ठिणगी आधीच पडते, म्हणून तो उलटा ढकलला जातो. ठिणगी वेळेवर पडायला काय सांगत असेल?

मी विणायची सुई आणली. प्लगच्या भोकातून ती आत सोडली आणि दोरीचं झाकण काढून त्याखालचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. पिस्टन वर येईल तशी सुई वर येते. सगळ्यात वर आली की थांबायचं आणि चाकावरचं, ठिणगी पाडणारं चुंबक कुठे आहे ते बघायचं. मग जमिनीवरच्या आमच्याच जातीच्या दोन्ही इंजिनांवर तेच केलं. त्या दोघांचं चुंबक एकाच जागी होतं. आमचं चार बोटं पुढे सरकलेलं.

काका म्हणाले, कार्बोरेटरमुळे असं होऊ शकतं. मी त्यांना म्हटलं, काका, जरा वरून तो पाना घेऊन या.

चाकाचा नट सैल करायला हे आणि माळीदादा दोघं लागले. चाक उचललं तेव्हा खाली तो दिसला. चाक आणि दांडा एकमेकांना धरून ठेवतो तो नखाएवढा धातूचा अर्धगोल तुकडा. मधोमध चिरडून दोन तुकडे झालेला. इतकी छोटी वस्तू बघून मला माझ्या बटणांची आठवण झाली. मी माळीदादांकडे पाहिलं. ते म्हणाले, हां, ते सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी गवतात लपलेल्या नळाच्या पाइपावर आदळलं होतं, तेव्हापासून बंद आहे.

भंगारातल्या पहिल्या इंजिनाचा तो तुकडा गंजलेला होता, दुसऱ्याचा धड निघाला. चिमट्यानं धरून मी तो खाचेत बसवला, चाक वर ठेवलं, नट घट्ट केला, प्लग आणि झाकण लावलं. काका म्हणाले, मी ओढतो. नेम माझा होता. मीच मूठ धरली.

पहिल्याच ओढीत इंजिन चालू झालं.

काय आवाज होता तो. खिडकीच्या काचा, ताटंवाट्या, देवघरातली घंटासुद्धा आपोआप वाजू लागली. गॅलरीतून निळा धूर बाहेर गेला. काका दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते. टेबल हादऱ्यानं पावला-पावलानं खोलीत चालू लागलं, तेव्हा एका बाजूनं माळीदादांनी आणि दुसऱ्या बाजूनं कारकुनांनी ते धरून ठेवलं. दोन वर्षांपूर्वी अस्तित्वातून गेलेल्या यंत्राच्या टेबलाला मिठी मारून बसलेले कारकून मी आजही विसरू शकत नाही. त्यांचा चष्मा नाकावरून खाली उतरत होता आणि त्यांना तो सावरता येत नव्हता.

आता बंद करा, असं सगळे हातांनी सांगू लागले. मी बंद करायचं ते बटण दाबलं. काही झालं नाही. मी परत दाबलं. काकांनी दोन्ही हात हळूहळू खाली घेतले. काल त्यांनी कापलेली वायर त्याच बटणाची होती. प्लगची टोपी ओढून काढावी तर तिथे झटका बसतो, हे काकांना अनुभवानं माहीत होतं, आणि या एका बाबतीत सगळ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पेट्रोल संपेल तेव्हा बंद होईल. स्कूटरमधून किती ओढलं होतं हे काकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांनाही ते नीटसं आठवत नव्हतं.

कारकुनांनी एका हातानं टेबल धरून दुसऱ्या हातानं दाखला माझ्यापुढे केला. मी जे खरं तेच लिहिलं: 'यंत्र चालू होते. थांबत नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मला वाटलं, इतके दिवस कारकूनही उपाशीच होते. कागदाच्या कोऱ्या जागी त्यांनी स्वतः पेनानं लिहिलं, आणि मला दाखवलं: 'थांबत नसल्यामुळे वापरास अयोग्य. नवीन यंत्र द्यावे.' मी सही केली. एका अक्षराचंही खोटं नव्हतं. माळीदादांनी वाचलं आणि टेबल आणखी घट्ट धरलं.

राहता राहिला माझा नेम. थांबत नाही ते दुरुस्त झालं म्हणायचं का? मी थोडा वेळ उभी राहून देवाकडे पाहिलं. वायर काल तुटली होती, नेम घेतल्यावर, आणि तीही दुसऱ्याच्या हातून. ते वेगळं मोडणं. त्याचं वेगळं बघू. देवानं काही हरकत घेतली नाही, की घेतली असेल तर ती मला त्या आवाजात ऐकू आली नाही.

मी स्वयंपाकघरात आले. वहिनींनी भात टाकला होता, भाजी केली होती. टेबलाची सोय नव्हती, म्हणून आम्ही दोघं ओट्याखाली जमिनीवर बसलो. वहिनी वाढत होत्या. मी पहिला घास घेतला, आणि दीड दिवसानं अन्न पोटात गेल्यावर मला भिंतीसुद्धा चांगल्या माणसांसारख्या वाटू लागल्या. बाहेरच्या खोलीतला आवाज दाराच्या फटींतून ओसंडत होता. वहिनी काही विचारत होत्या ते कळत नव्हतं, मी हातानंच पुरे म्हणत होते.

हे जेवत नव्हते. ताटातला भात बोटांनी एकीकडून दुसरीकडे नेत होते. मग माझ्याकडे पाहून त्यांनी बोलायला सुरुवात केली. ओठ हलत होते, चेहरा गंभीर होता, एक हात छातीवर होता. मला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. पण ह्यांच्या चेहऱ्यावरून, माझ्या नेमाचं ते कौतुक करत असतील, असं मला वाटलं, आणि मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. त्यामुळे ह्यांना आणखी जोर चढला. ऐकू जात नाही असं वाटून की काय, ह्यांनी आवाज चढवला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

आणि पेट्रोल संपलं.

एका क्षणात इतकी शांतता झाली की बागेतलं पान हललेलं ऐकू आलं असतं. त्या शांततेत ह्यांचा आवाज सगळ्या इमारतीत घुमला:

"आणि काल रात्री पण वहिनींकडेच जेवलो! आज सकाळी पण!"

बाहेरच्या खोलीत टेबलाला मिठी मारून बसलेले दोघं तसेच राहिले. काकांनी खोकल्याचं निमित्त केलं. वहिनी ह्यांच्या ताटावर भाताचा भरलेला डाव धरून मूर्तीसारख्या उभ्या होत्या. ह्यांनी मान खाली घातली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी तो खाल्ला. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, आणि ह्यांनी या खेपेला 'काय?' म्हटलं नाही.

"काय होतं जेवायला?"

"भात," हे म्हणाले. "आणि भाजी." मग ह्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून, ह्यांनी मान वर केली. "पण खरं सांगू? मीठ जरा कमीच होतं. तुझ्या हाताची सर नाही त्याला."

वहिनींनी ह्यांच्या ताटावरचा डाव तसाच उचलला, आणि तो सगळा भात माझ्या ताटात घातला.